धनुष्यबाणाने शिकार शिकायचीय? सोलापुरात मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी अक्कलकोट रोडला मित्राच्या शेतात आम्ही पाचसहा जण बाण मारत असतो. त्याचा एक व्हिडिओ एका भाच्याने स्टेटसला टाकला आणि तेव्हापासून फोन चालूच आहेत. निम्मे जण विचारतात "काका, कुठलं धनुष्य घेऊ" आणि उरलेले निम्मे विचारतात "दादा, शिकारीला कधी जाताय". तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय, आता ज्याला त्याला हेच पाठवतो.

प्रश्न : सोलापूरच्या आसपास धनुष्याने शिकार कुठं करता येते?

कुठंच नाही. सोलापुरात नाही, महाराष्ट्रात नाही, भारतात हौसेची शिकार कुठंच नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं एवढंच नाही, पकडणं, फास लावणं, हाकणं, आमिष टाकणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं हे सगळं शिकारीतच धरलंय. म्हणजे "मारलं कुठं, नेम चुकला की" हा बचाव चालत नाही. आणि गंमत बघा, त्या कायद्यात शस्त्र म्हणजे काय त्याची यादी आहे, त्यात बंदुकीबरोबर धनुष्यबाण हा शब्द नाव घेऊन लिहिलाय. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरणं हाच वेगळा गुन्हा आहे, त्यामुळं नान्नजच्या माळढोक अभयारण्यात "नुसतं खांद्याला अडकवून फोटो काढायला" पण धनुष्य न्यायचं नाही.

काळवीट, लांडगा, माळढोक हे आपल्या भागातले प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथं शिक्षा कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड कमीत कमी २५ हजार. काळविटावरून एका हिरोला १९९८ च्या प्रकरणात २०१८ साली जोधपूरच्या कोर्टाने ५ वर्षांची शिक्षा सुनावली होती हे सगळ्यांना पाठ आहे, तरी लोक मला विचारतात "एखादं हरीण मारलं तर कुणाला कळतंय". कळतंय ओ.

प्रश्न : काळवीट राहू द्या, ससा, तितर असलं बारकं काही?

तेच उत्तर. ससा, तितर, लावा, घोरपड, सगळं संरक्षित आहे. लहानपणी गलोलीने काय काय केलं ते आपण सगळ्यांनीच केलंय, मीही केलंय, म्हणून ते कायद्यात बसत नाही.

प्रश्न : रानडुकरांनी मक्याचं वाटोळं केलंय, निदान डुक्कर तरी?

हा प्रश्न मौजेचा नाही, खऱ्या त्रासातून येतो म्हणून नीट सांगतो. जीवाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरलेल्या काही प्राण्यांच्या बाबतीत वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो, कायद्यात तशी तरतूद आहे. पण ते कागदावर मिळालं पाहिजे आणि त्यात लिहिलेल्या पद्धतीनेच झालं पाहिजे, गावातल्या कुणी तरी "चालतंय की" म्हणलं म्हणजे परवानगी होत नाही. नुकसान झालं की लगेच फोटो काढा, वनखात्याकडं अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई मिळते. भरपाई कमी पडते, उशिरा येते, ते मान्य. पण अंधारात, शिकाऊ हाताने, डुकराला अर्धवट बाण लागला तर ते जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी सकाळी उसात कुणाच्या अंगावर जाईल? पाणी धरायला जाणाऱ्या माणसाच्या. ते तुम्हीच असाल किंवा तुमचा शेजारी.

प्रश्न : मग यूट्यूबवर ते लोक बिनधास्त कसे मारतात?

ते अमेरिकेत असतात, आणि बिनधास्त नसतात. तिथं हंगाम ठरलेला असतो, लायसन्स लागतं, किती आणि कुठला प्राणी मारायचा त्याचा वेगळा टॅग असतो, बऱ्याच राज्यांत आधी शिकारीचा कोर्स करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. धनुष्य कमीत कमी किती पौंडाचं पाहिजे, म्हणजे ओढायला किती जोर लागला पाहिजे, हेसुद्धा अनेक राज्यांनी ठरवून दिलंय, हरणासाठी साधारण ३५-४० पौंडांच्या पुढं. आणि सगळे गोरे देश असेच आहेत असंही नाही, ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार बंद आहे, जर्मनीत हरीण-रानडुकराला बाण मारता येत नाही.

व्हिडिओत जे दिसत नाही ते असं, की बाणाने प्राणी बंदुकीसारखा धक्क्याने पडत नाही. शिकारी टोकाला वस्तऱ्यासारखी पाती असतात, ती आतल्या रक्तवाहिन्या कापतात आणि रक्त जाऊन प्राणी मरतो. म्हणून बाण छातीच्या पिंजऱ्यात, फुफ्फुस-हृदयाच्या जागीच लागला पाहिजे, म्हणून बहुतेक जण २०-३० यार्डांच्या आतच मारतात. आणि त्यातही हरीण दोरीचा आवाज ऐकतं. आकडे मांडून बघा : चांगल्या कंपाउंडचा, म्हणजे चाकं-केबलवाल्या धनुष्याचा, बाण सेकंदाला ९० मीटर जातो, आवाज जातो ३४० मीटर. हरीण २७ मीटरवर आहे, तर आवाज त्याच्याकडं पोचतो ०.०८ सेकंदात आणि बाण पोचतो ०.३ सेकंदात. मधल्या वेळात ते उडी मारायला खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो, किंवा वाईट म्हणजे पाठीत लागतो आणि ते तसंच दोन दिवस हिंडतं. दहा मिनिटांच्या व्हिडिओमागं आठवडाभर नुसतं बसणं असतं आणि न सोडलेले बाण असतात, ते कोण टाकतंय एडिट करून.

प्रश्न : शिकार नाही तर धनुष्य घेऊन करायचं काय मग?

एवढं ऐकून निम्मे फोन कट होतात. जे थांबतात त्यांच्यासाठी पुढचं.

आपल्याकडं मुख्य तीन प्रकार चालतात. इंडियन राउंड म्हणजे बांबूचं साधं धनुष्य, नेम धरायची साइट नाही, काही नाही, ३० आणि ५० मीटर, शाळकरी पोरं यातूनच सुरू करतात. रिकर्व्ह म्हणजे ऑलिम्पिकवालं, टोकं पुढं वळलेली, ७० मीटरवर १२२ सेंटिमीटरचं टारगेट, मधला पिवळा दहाचा गोल १२.२ सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या बशीएवढा. आणि कंपाउंड म्हणजे चाकं आणि केबलवालं, ५० मीटर, ८० सेंटिमीटरचं टारगेट, दहाचा गोल ८ सेंटिमीटर. कंपाउंडची मिश्र टीम २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा येतेय.

ज्यांना शिकारीचीच मजा पाहिजे त्यांच्यासाठी जगात थ्रीडी आर्चरी म्हणून खेळ आहे. जंगलातून चालत जायचं, फोमचे प्राणी उभे केलेले असतात, अंतर सांगत नाहीत, आपणच नजरेने ओळखायचं आणि मारायचं, काळजाच्या जागी लागला तर ११-१० गुण, नुसता अंगाला लागला तर ५. आम्ही शेतात याचीच गरिबाची आवृत्ती करतो, पोती बांधाआड, बाभळीखाली अशी मांडायची आणि अंतर न मोजता मारायचं. हरणारा सगळ्यांना चहा पाजतो. माझा महिन्याचा चहाचा खर्च विचारू नका.

प्रश्न : पहिलं धनुष्य कुठलं घेऊ? डायरेक्ट कंपाउंडच घेतो ना.

नको. कंपाउंड दिसायला भारी आहे, पूर्ण ओढल्यावर वजन हलकं होतं, म्हणजे ६० पौंडाचं असलं आणि ८० टक्के लेट-ऑफ असला तर हातावर १२ पौंडच राहतात, म्हणून लोकांना वाटतं सोपंय. पण ते ओढीच्या लांबीप्रमाणं तुमच्या मापाचं सेट करावं लागतं, दोरी बदलायची तर धनुष्य दाबून धरणारा प्रेस लागतो, आणि सोलापुरात रविवारी दुपारी केबल निघाली तर कुणाकडं जाणार? चांगला सेट सगळ्या सामानासकट लाखाच्या वर सहज जातो.

सुरुवातीला लाकडी दांड्याचं, पाती सुटी होणारं रिकर्व्ह घ्या. पाती म्हणजे लिंब्ज, धनुष्याचे वरचे-खालचे वाकणारे भाग, ती नंतर बदलून पौंड वाढवता येतात, दांडा तोच राहतो. त्याच्याबरोबर आर्म गार्ड, बोटांना टॅब, आणि दोरी चढवायची स्ट्रिंगर, ही तीन आलीच पाहिजेत. स्ट्रिंगर लोक घेत नाहीत, पायात अडकवून दोरी चढवतात, मग पात पिळवटतं आणि दुकानदाराला शिव्या देतात.

प्रश्न : किती पौंड?

तुम्हाला वाटतं त्याच्या अर्धं. हे मी थट्टेने म्हणत नाही. जिमला जाणारी पोरं येतात, "दादा ४५ द्या", दंड बघितला तर माझ्या मांडीएवढा, आणि दहाव्या बाणाला खांदा कानाला लागलेला असतो, हात थरथर. धनुष्य दंडाने ओढतच नाहीत, पाठीतल्या दोन पंख्यांच्या मधल्या स्नायूंनी ओढतात, ते स्नायू जिममध्ये कुणी कमावलेले नसतात. मोठ्या माणसाने १८ ते २४ पौंड, लहान पोराने १०-१४.

तपासायचं असं : खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, धनुष्य समोर सरळ धरून पूर्ण ओढा. धनुष्य आभाळाकडं न नेता, न कण्हता ओढता आलं तर ठीक, नाही तर जड आहे.

धनुष्यावर लिहिलेले पौंड २८ इंच ओढीला मोजलेले असतात. तुमची ओढ काढायला दोन्ही हात फाकवून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. हात फाकवून ६७ इंच भरले तर ओढ साधारण पावणेसत्तावीस. इंचामागं दोनेक पौंड कमीजास्त होतात, म्हणजे २४ लिहिलेलं तुम्हाला बावीसच्या आसपास लागेल.

प्रश्न : बाण कुठलाही चालतो का?

नाही आणि इथंच जास्त पैसे वाया जातात. बाण सुटताना सरळ जात नाही, माशासारखा वळवळत जातो, म्हणून त्याचा ताठपणा धनुष्याला जुळला पाहिजे. त्याला स्पाइन म्हणतात. २८ इंचाच्या आधारावर बाण ठेवून मधोमध साधारण ८८० ग्रॅम वजन टांगलं आणि तो अर्धा इंच वाकला तर तो ५०० स्पाइन. आकडा मोठा म्हणजे बाण नरम. आमच्यातल्या एकाला एका दुकानदाराने "हे बेस्ट आहेत, शिकारीचे आहेत" म्हणून ३४० चे डझनभर कार्बन बाण चिकटवले, त्याचं धनुष्य २२ पौंडाचं. बाण सगळे डावीकडं. त्याने दोन महिने स्वतःचा हात दुरुस्त केला, बिचारा, चूक हाताची नव्हतीच.

कार्बन बाण प्रत्येक वेळी मारायच्या आधी दोन्ही टोकं धरून थोडा वाकवायचा आणि कानाजवळ नेऊन ऐकायचं. कडकड आवाज आला, बारीकशी चीर दिसली, तर तो बाण तिथंच मोडून टाकायचा, जपून ठेवायचा नाही. चिरलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या काड्या मनगटात घुसतात. आणि शिकारी पात्यांची टोकं ऑनलाइन मिळतात म्हणून मागवू नका, आपल्याकडं त्यांचं काही काम नाही, टारगेट फाडतात आणि बोटं कापतात.

प्रश्न : टारगेट कुठून आणायचं?

अहो आपण सोलापुरात राहतो. फोमच्या टारगेटला पैसे घालवायच्या आधी टॉवेल-चादरीच्या कारखान्याबाहेर चक्कर मारा. कातरण, चिंध्या, कडेच्या पट्ट्या किलोवर मिळतात. आमचं टारगेट म्हणजे खताची मोठी प्लास्टिकची गोणी आणि आत गच्च भरलेल्या चिंध्या. गच्च म्हणजे गच्च, थोडं भरायचं, पाय घालून तुडवायचं, परत भरायचं, तीस किलोच्या आसपास माल जातो आणि गोणी उभी केली की खांबासारखी उभी राहिली पाहिजे. तोंड दाभण-सुतळीने शिवायचं. चिंध्यांत बटण, चेन, हुक राहिले नाहीत ना ते बघायचं, एका चेनने आमचे दोन बाण खाल्लेत. वाळू, माती अजिबात भरायची नाही, बाण थांबतो पण परत सरळ राहत नाही. आठवड्याने चिंध्या खाली बसतात आणि वर मान पडते, तेव्हा शिवण उसवून परत भरायचं. पावसाळ्यात आत घ्या, नाही तर उंदरांची वसाहत होते, अनुभव आहे.

मागं आधार म्हणून आम्ही जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून दोरीवर टांगतो, टारगेटपासून दोनेक फूट मागं. ती ताणून बांधायची नाही, खालून मोकळी सोडायची. ताणलेली चादर बाण फाडून जातो, सैल चादर बाणाबरोबर मागं जाते आणि त्याचा जोर खाते. हलक्या धनुष्याला हे मस्त चालतं. पहिल्यांदा मी घरातली वापरातली चादर नेली होती, भोकं पडलेली आईने बघितली, पुढचं सांगत नाही. आणि चादर हा दुसरा आधार आहे, तिच्या मागं मातीचा बांध किंवा ढीग पाहिजेच.

बाण उपटताना एक हात पोत्यावर दाबायचा, दुसऱ्याने बाण मुळाशी धरून फिरवत सरळ ओढायचा, आणि मागं कुणी उभं नाही हे आधी बघायचं. बाण सुटून मागं आला की नॉक, म्हणजे बाणाचं दोरीत अडकवायचं मागचं टोक, बरोबर डोळ्याच्या उंचीला येतो.

प्रश्न : गच्चीवर सराव केला तर?

नाही. ४० पौंडाच्या धनुष्याने वर मारलेला बाण दीड-दोनशे मीटर सहज जातो. तुमच्या गच्चीपासून दीडशे मीटरवर काय काय आहे ते डोळ्यासमोर आणा. घरात करायचाच असेल तर पाच मीटरवर पोतं, मागं भिंत, खोलीला एकच दार आणि ते तुमच्या पाठीमागं. त्याला रिकामं टारगेट म्हणतात, वर्तुळं नसतात, डोळे मिटूनसुद्धा मारतात, फक्त हाताची सवय लावायची. पहिला महिना खरं तर हेच करायचं असतं पण कुणी करत नाही.

प्रश्न : पहिल्या दिवशी हात काळानिळा झाला, नॉर्मल आहे का?

सगळ्यांचा होतो. डाव्या हाताचं कोपर आत वळलेलं असतं आणि दोरी येऊन फटका मारते. मला पहिल्या रविवारी कोपराच्या आत पुरीएवढा डाग पडला होता, आईने हळद लावली आणि कुणाशी मारामारी केली ते चार वेळा विचारलं. कोपर थोडं बाहेर फिरवा, धनुष्य मुठीत आवळून धरू नका, अंगठ्याच्या मुळावर नुसतं टेकवा, बोटं सैल. धनुष्य पडू नये म्हणून बोटाला दोरीचा फास असतो तो वापरा. आर्म गार्ड घाला, लाज वाटायचं काही कारण नाही, ऑलिम्पिकवालेही घालतात.

आणि एक, पोरं विचारतात "मग एकलव्याने अंगठा दिल्यावर काय झालं असतं?" आजच्या पद्धतीत दोरी तीन बोटांनी ओढतात, एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली, अंगठा लागतच नाही. अंगठ्याने ओढायची पद्धत आशियातली जुनी, तुर्क-मंगोलांची, त्यात अंगठी घालायचे.

प्रश्न : बाण न लावता नुसतं ओढून सोडलं तर चालतं का?

हे वाचणाऱ्या प्रत्येकाने दोनदा वाचा. नाही चालत. बाण नसला की सगळी ताकद परत धनुष्यातच जाते. मी स्वतः हे केलंय. मित्राचं नवं कंपाउंड, त्याच्याच वाढदिवसाला, "बघू कसं लागतंय" म्हणून ओढलं, दोरी सोडायच्या ट्रिगरवर बोट होतं, कळायच्या आत सुटलं. आवाज असा आला की शेजारच्या रानातले बैल उठून उभे राहिले. दोरी निघाली, केबल चाकावरून उतरली, एक पात चिरलं. मला काही लागलं नाही हे नशीब. मित्र काही बोलला नाही, केक कापला, मला पण दिला. पात्याचे पैसे मी तीन हप्त्यांत दिले. तेव्हापासून दुसऱ्याचं धनुष्य हातात घेतलं की मी ते खाली तोंड करून धरतो.

प्रश्न : लहान पोरांना आणलं तर चालेल का?

चालेल, आठ-नऊ वर्षांच्या पुढं, आणि शिट्टी समजत असेल तर. स्पर्धेत असतात त्याच शिट्ट्या आम्ही वापरतो : दोन म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला जा, आणि पाच किंवा जास्त म्हणजे असाल तिथं थांबा, ओढलेलं धनुष्य सावकाश उतरवा. कुत्रं आलं, शेळी आली, शेजारचे आजोबा सायकलवरून मधूनच आले, पाच शिट्ट्या. तिसऱ्या शिट्टीपर्यंत रेषेच्या पुढं कुणीही नाही, मी पण नाही.

पोरांना मी श्रावणबाळाची गोष्ट सांगतो. दशरथ काही वाईट धनुर्धर नव्हता, उलट आवाजावर बाण मारण्याइतका तयार होता, आणि तिथंच घात झाला, घागर बुडायचा आवाज त्याला हत्तीचा वाटला. काय आहे ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागं काय आहे ते कळल्याशिवाय बाण लावायचासुद्धा नाही. पोरं गप्प होतात. मग एखादं विचारतं "पण तो हत्तीला तरी का मारत होता?" त्याला माझ्याकडं उत्तर नसतं.

प्रश्न : मी उजवा आहे पण नेम लागत नाही, डोळा बघायला सांगितलाय, म्हणजे काय?

हात समोर करून दोन तळव्यांच्या मधे छोटं भोक करा, त्यातून लांबचा विजेचा खांब बघा, मग एकेक डोळा झाका. ज्या डोळ्याने खांब भोकात राहतो तो तुमचा मुख्य डोळा. उजवा हात आणि डावा डोळा असेल तर सुरुवातीलाच डाव्या हाताने ओढायचं धनुष्य घेणं बरं, महिनाभर विचित्र वाटतं मग बसतं.

प्रश्न : आपल्याकडच्या उन्हात सामान टिकतं का?

एप्रिल-मेला पारा ४३-४४ ला जातो तेव्हा बंद गाडीत धनुष्य ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं. पात्यांचे थर चिकटवलेले असतात, ते सुटतात, दोरी सैल पडते, बाणाची पिसं उकलतात. सकाळी सहा ते साडेआठ, बास. दोरीला मेण लावा, धुळीने ती लवकर पिंजारते. ज्वारी काढलेल्या रानात मारू नका, धसकटात गेलेला बाण गवताखाली सुरीसारखा सरकत जातो आणि वरून दिसतच नाही, आमचे अकरा बाण त्या एका रानात आहेत, पुढच्या नांगरटीला निघतील.

धनुष्य नेताना बॅगेत न्या. उघडं पाठीला लावून बाइकवर सात रस्त्यातून जाऊ नका, आमच्या एकाला चौकात थांबवून अर्धा तास "रामलीलेत आहात का" इथून चौकशी झाली.

प्रश्न : शिकार नाही केली तरी प्राण्याच्या जवळ जाणं तरी शिकता येतं का?

हा प्रश्न मला आवडतो कारण शिकारीतला अवघड भाग हाच आहे, आणि त्याला धनुष्य लागत नाही. नान्नज-मार्डीच्या बाजूला काळवीट शेतात येतात. पाठलाग करायचा नाही, हाकायचं नाही, अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीने आणि त्यांनी दाखवलेल्या वाटेनेच. आपण फक्त ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर दुर्बीण घेऊन बसायचं.

मागच्या हिवाळ्यात मी असा बसलो होतो. साडेसहाला बांधाला पाठ लावून, मातकट शर्ट, तोंडावर वारा येतोय हे बघून. कळप चारशे पावलांवर होता, सतराअठरा माद्या आणि एक काळाकुट्ट नर. पाऊण तास काही नाही. मग एक मादी हरभऱ्याकडं सरकली, तिच्यामागं बाकीच्या. ऐंशी पावलं. साठ. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, नाकावर माशी होती, मी हललो नाही. चाळीस पावलांवर नराचे डोळ्यांभोवतीचे पांढरे कडे दिसायला लागले, दात घासल्यासारखा चरण्याचा आवाज यायला लागला. मी श्वास जरा मोठा सोडला असेन, कारण बांधाच्या पलीकडं मला माहीतच नसलेली टिटवी बसली होती, ती टिटिव-टिटिव करत उठली, आणि सगळा कळप एकदम हवेत. चार-पाच उड्यांत रान रिकामं.

म्हणजे चाळीस पावलं, आणि तेही त्यांनी जवळ येऊन. त्या टिटवीने मला आठवड्याच्या सरावापेक्षा जास्त शिकवलं. माळढोक दिसला तर तुमचं नशीब, मला इतक्या वर्षांत नाही दिसला.

प्रश्न : आमच्याकडचे लोक सांगतात की पारधी समाजाकडून शिकून घ्या, खरं का?

असं कुणाच्या दारात जाऊन विचारू नका. एक तर त्यांचं पारंपरिक कसब फासाचं होतं, फासेपारधी हे नावच त्यावरून पडलं. दुसरं म्हणजे १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती, १९५२ ला तो कायदा रद्द झाला तरी शिक्का अजून पुसला नाही. तुमच्या हौसेपायी त्यांच्यावर परत संशय आणू नका.

प्रश्न : भाऊ अमेरिकेत आहे, तिथं कायदेशीर शिकारीला बोलावलंय, तयारी कशी करू?

तिथं जाऊन त्या राज्याचे नियम वाचा, बाहेरच्या माणसाची फी आणि टॅग वेगळे असतात. इथं एवढंच करा : वीस यार्डांवर जेवणाच्या ताटलीएवढ्या गोलात दहापैकी दहा बाण, उभं राहून, गुडघ्यावर बसून, स्टुलावर चढून, जाड जॅकेट घालून. दहापैकी आठ म्हणजे दोन प्राणी जखमी, असा हिशोब. प्राणी आडवा उभा असताना किंवा तोंड पलीकडं करून थोडा तिरका असताना मारायचं, समोरून तोंड करून उभा असला तर नाही. झाडावरच्या मचाणावर चढायचं असेल तर जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत अंगाला हार्नेस, म्हणजे पडू नये म्हणून बांधायचा पट्टा, तिथं बाणापेक्षा मचाणावरून पडून माणसं जास्त मोडतात. बाण लागल्यावर लगेच मागं पळायचं नाही, अर्धा तास तरी बसून राहायचं, नाही तर जखमी प्राणी ढकलल्यासारखा लांब जातो. हे सगळं पटत नसेल, पोटात कालवत असेल, तर भावाला सरळ सांगा की मी फोटो काढायला येतो.

प्रश्न : यात पुढं काही करिअर आहे का?

शेजारच्या जिल्ह्याकडं बघा. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने फायनलला १५० पैकी १५० मारून पुरुषांचं पद घेतलं, तोही साताऱ्यातच तयार झालेला. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला खेळला. पोर बारा-तेरा वर्षांचं असेल आणि मनापासून करत असेल तर माझ्यासारख्या रविवारच्या गड्याकडं ठेवू नका, जिल्हा क्रीडा कार्यालयात चौकशी करा, नीट कोच बघा, माझ्याकडं लागलेल्या वाईट सवयी मोडायला त्यालाच वर्ष जाईल.

प्रश्न : रविवारी येतो, काय आणू?

पायात बूट, चप्पल नको. अंगात घट्ट बाह्यांचा शर्ट, गळ्यात लोंबतं काही नको, मोठे केस असतील तर बांधून. टोपी, पाण्याची बाटली. नाष्ट्याला भाकरी आणि शेंगाचटणी आमच्याकडं असते, दही कुणी तरी आणा. धनुष्य विकत घेऊ नका, पहिले दोन महिने आमच्याकडचं १८ पौंडाचं वापरा. आणि जमलं तर पाचदहा किलो चिंध्या आणा, डावीकडच्या पोत्याची मान परत पडलीय.